जहाज कोणाच्या पायांनी निवडावे?

आमच्या फलटणला पाणी म्हणजे नीरेच्या उजव्या कालव्याचे. समुद्र पाहायचा तर घाट उतरून कोकण गाठावे लागते, नाहीतर अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून मुंबईला जावे लागते. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीनंतर एक वयस्कर दांपत्य माझ्या दवाखान्यात आले आणि त्यांनी औषधांच्या फाईलशेजारी दोन जहाजांची रंगीत माहितीपत्रके ठेवली, तेव्हा क्षणभर मला काही उमगेना.

आबांचे वय ७४, काकूंचे ६९. लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. काकूंच्या अमेरिकेतील धाकट्या बहिणीने कॅरिबियन समुद्रातील जहाजसफरीचे फोटो पाठवले होते. ते पाहून पुण्याच्या मुलाने ठरवले, की आई-वडिलांनाही अशी सफर घडवायची. कॅरिबियन नाही तर नाही, अरबी समुद्र तर आपलाच आहे. जहाजे दोन होती आणि त्यांतले एक निवडायचे होते. तो कौल त्यांनी माझ्याकडे मागितला, कारण तीन वर्षांपूर्वी आबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डाव्या हातापायात अशक्तपणा राहिला होता. चार पायांची काठी घेऊन ते सत्तर-ऐंशी पावले चालत, मग बसत.

ज्या घरात एक माणूस आजारी आणि दुसरे त्याची सेवा करणारे असते, त्या घराने सहलीला जावे की नाही, असा प्रश्न वाचक पत्रांतून नेहमी विचारतात. बहुतेकांनी जावे, असे माझे मत आहे. मात्र साधन निवडताना आपण काय पाहतो आणि काय पाहायचे विसरतो, हे त्या दोन माहितीपत्रकांनी मला शिकवले. ते आज सांगतो.

दोन जहाजे

त्या हिवाळ्यात मुंबई बंदरातून देशातल्या देशात सफरी करणारी दोन मोठी जहाजे होती. पहिले ‘कोस्टा सेरेना’. हे इटलीत बांधलेले आणि २००७ मध्ये सेवेत आलेले जहाज. लांबी २९० मीटर, खोल्या दीड हजार, आकार सुमारे १,१४,००० टन. ते नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ एवढ्या हंगामापुरते भारतीय किनाऱ्यावर आले होते. दुसरे कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीचे ‘एम्प्रेस’. ते सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सफरी करू लागले होते. लांबी सुमारे २१० मीटर, खोल्या आठशेच्या आसपास, आकार साधारण ४८,५०० टन. जहाजाच्या बाबतीत हे टन वजनाचे नसतात, आतल्या बंदिस्त जागेचे ते माप असते. म्हणजे पहिले जहाज दुसऱ्याच्या दुपटीहून मोठे.

दुसऱ्या जहाजाची एक गोष्ट सांगितली, तेव्हा काकू हसल्या. ते १९९० मध्ये फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले आणि अमेरिकेतील मायामीहून बहामा बेटांकडे तीन-चार रात्रींच्या सफरी करीत असे. पुढे नाव बदलून ते क्यूबापर्यंतही गेले. “म्हणजे बहीण गेली त्याच पाण्यातून आलेलं जहाज,” काकू म्हणाल्या.

आबांच्या मनात मात्र दुसरेच होते. “डॉक्टर, आई सांगायची, रामदास बोट बुडाली तेव्हा सगळा मुलूख रडला होता.” त्यांची भीती निराधार नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ऐन पावसाळ्यात, वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आबांना मी सांगितले, की त्या दुर्घटनेतून आजच्या प्रवाशानेही एक धडा घ्यावा, तो ऋतूचा. अरबी समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत खवळलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्याचे सर्वांत शांत महिने. ज्येष्ठांनी जहाज निवडण्याआधी महिना निवडावा.

चालणे, हलणे, उतरणे

मग मी माझ्या पद्धतीने तुलना मांडली. आबांच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली गोष्ट चालण्याची. २९० मीटर लांबीच्या जहाजात मधोमध खोली घेतली तरी टोकाच्या भोजनगृहापर्यंत जवळजवळ दीडशे मीटर होतात. लहान जहाजात हेच अंतर शंभराच्या आसपास येते. दिवसातून तीनदा जेवायला जायचे आणि तीनदा परतायचे, म्हणजे हा फरक बराच होतो. पण खोली उद्वाहकाच्या, म्हणजे लिफ्टच्या, जवळ असेल आणि लांब अंतरासाठी चाकाची खुर्ची घेण्याची तयारी असेल, तर तो फरक उरत नाही. आबांना खुर्चीचा संकोच होता. अनेक ज्येष्ठांना असतो. मी त्यांना म्हणालो, “खुर्चीत बसून जा आणि तिथे पोहोचल्यावर काठीने फिरा. जाण्यात दमलात तर पाहण्याला काय उरेल?”

दुसरी गोष्ट हलण्याची. आपल्याकडे म्हणतात, बोट लागते. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलत आहोत. या दोन साक्षी जुळत नाहीत, म्हणून मळमळते. साधारणपणे मोठे जहाज कमी हलते. कोणत्याही जहाजात खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली सर्वांत कमी हलते. सर्वांत वरची आणि टोकाची खोली दिसायला सुंदर असते, पण डोलते अधिक.

बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी येथे एक इशारा द्यायला हवा. दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी वयस्करांना गुंगी येते, तोल जातो, कधी भ्रम होतो. ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, त्यांची लघवी अडू शकते. अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसाने अशी गोळी घेऊन पडणे, हे मळमळीपेक्षा कितीतरी वाईट. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. हलके जेवण, आल्याचा तुकडा, मोकळी हवा आणि दूरच्या क्षितिजावर नजर, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. नाही भागले तर खोलीत आडवे पडून डोळे मिटावेत.

तिसरी गोष्ट उतरण्याची, आणि हिच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. गोव्यात मुरगावला आणि कोचीला जहाज धक्क्याला लागते. शिडीवजा पुलावरून, कुणी हात धरला तर, आबा उतरू शकले असते. लक्षद्वीपला मात्र मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. हलत्या जहाजातून हलत्या होडीत एक पाऊल टाकायचे असते. ज्याचा डावा गुडघा ऐन वेळी दगा देतो, त्याने ते टाकू नये. म्हणून प्रत्येक सफरीच्या कागदावर बंदरांच्या नावांपुढे लिहून घ्यावे: धक्का की होडी. होडीच्या दिवशी जहाजावरच थांबायचे असे आधीच ठरवले, तर त्या दिवशी मन खट्टू होत नाही.

जहाजावरचा दवाखाना

अशा जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिका असतात. हृदयाचा आलेख काढता येतो, प्राणवायू देता येतो, सलाईन लावता येते. पण मेंदूचा सीटी स्कॅन किंवा हृदयाच्या नळीतील अडथळा काढण्याची सोय तेथे नसते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी स्कॅन करावा लागतो. समुद्रात असताना एवढ्या वेळात मोठ्या रुग्णालयात पोहोचणे अवघड. ज्यांना अलीकडेच झटका आला आहे, ज्यांच्या छातीत चालताना दुखते, किंवा ज्यांचा दम आठवड्यागणिक वाढतो आहे, त्यांना मी म्हणूनच जहाजाचा बेत पुढे ढकलायला सांगतो. आबांना तीन वर्षे झाली होती, रक्तदाब आणि साखर ताब्यात होती, रक्त पातळ ठेवणारी गोळी नियमित चालू होती. त्यांच्या फाईलकडे पाहता हरकत घेण्यासारखे काही नव्हते.

सगळे मांडून झाल्यावर मी निकाल दिला. “आबा, मोठे जहाज घ्या. कमी हलेल. मधली खोली, लिफ्टजवळची. डिसेंबरात जा. लक्षद्वीपची होडी टाळा.” आबा खूश झाले. मुलगा फोनवर होता, तोही खूश झाला. मी दुसऱ्या रुग्णाला आत बोलावणार, एवढ्यात काकू पिशवी आवरता आवरता म्हणाल्या,

“तिथंही रात्री ह्यांच्यासाठी उठायला मीच असणार ना? मग जहाज मोठं काय आणि लहान काय.”

जी फाईल मी उघडलीच नव्हती

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आज भाजी कोणती, असे विचारावे तसे त्या बोलल्या. मी त्यांना पुन्हा बसायला सांगितले.

“काकू, रात्री किती वेळा उठावे लागते?”

“तीनदा. कधी चारदा. ह्यांना लघवीला लागते, एकट्याने गेले तर पडतील.”

“कधीपासून?”

“ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून.”

तीन वर्षे. म्हणजे हजारावर रात्री. या काळात आबा महिन्याला एकदा माझ्याकडे येत होते आणि प्रत्येक वेळी काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होत्या. शेवटचा त्यांचा रक्तदाब मी कधी मोजला होता, ते मला आठवेना. त्या दिवशी मोजला, तो १६८/९८ निघाला. पंधरा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तर १६४/९६. रक्तदाबाची गोळी त्यांना पूर्वीच सुरू केलेली होती. तिच्याविषयी विचारले, तेव्हा म्हणाल्या, “डोकं दुखलं की घेते.”

वाचकहो, चूक माझी होती. दोन माणसे जहाजावर जाणार होती आणि मी एकाच माणसाच्या पायांनी ते जहाज मोजत होतो. आषाढी वारीत माउलींची पालखी फलटणला मुक्कामी आली, की याच काकू अंगणात चुली मांडून पन्नास-पन्नास वारकऱ्यांना जेवू घालत. एवढे करणाऱ्या बाईला काही होत नाही, असे आपण धरून चालतो. सेवा करणाऱ्या माणसाची झोप तुटते, जेवणाच्या वेळा चुकतात, स्वतःच्या गोळ्या मागे पडतात. त्याचा परिणाम रक्तदाब, साखर आणि मन या तिन्हींवर होतो. तो उशिरा कळतो, कारण त्यांना कुणी विचारत नाही आणि ते स्वतःहून सांगत नाहीत.

सहलीचा बेत तिथेच बाजूला ठेवला आणि आधी घरातील रात्रींकडे वळलो. आबांची संध्याकाळची दोन कप चहाची सवय होती. तो चहा दुपारी चारपर्यंत संपवायचा ठरले. प्रोस्टेटची तपासणी करून घेतली. पलंगाशेजारी, आबांच्या चांगल्या हाताच्या बाजूला, लघवीचे भांडे ठेवले, म्हणजे दर वेळी न्हाणीघरापर्यंत जाणे नको. पायाशी मंद दिवा लावला. महिन्याभरात तीन-चार वेळचे उठणे एकदोन वेळांवर आले. काकूंची गोळी रोज सकाळी आबांच्या गोळीबरोबर, एकाच डबीतून सुरू झाली. आठवडाभर घरी मोजलेला रक्तदाब वहीत लिहून आणायला सांगितले. गोळीची मात्रा एकदा बदलावी लागली. रक्तदाब ताब्यात यायला सहा-सात आठवडे गेले.

दोन रकाने

तोवर डिसेंबर सरला. मोठ्या जहाजाचा भारतातील हंगाम जानेवारीतच संपणार होता. मुलगा हळहळला. मी मात्र एक कोरा कागद घेतला, त्यावर दोन रकाने पाडले. एकावर लिहिले आबा, दुसऱ्यावर काकू. आणि काकूंनाच विचारले, “तुम्हाला या सफरीत काय हवे?”

त्यांनी बराच विचार केला. मग तीन गोष्टी सांगितल्या. एक, ह्यांना एकटे न ठेवता समुद्र बघता यावा. दोन, एखादी रात्र सलग झोप मिळावी. तीन, फार दिवस नकोत, कारण घराबाहेर पाचव्या दिवशी जीव घराकडे ओढतो.

या तीन वाक्यांनी जहाज निवडले. पहिल्या अटीमुळे सज्जाची खोली आली. आबा आत पलंगावर पडलेले असताना काकूंना दार उघडून बाहेर बसता येईल अशी. ती आतल्या, बिनखिडकीच्या खोलीपेक्षा महाग पडते. पण ज्याला खोलीतच अधिक वेळ घालवायचा आहे, त्याच्यासाठी करमणुकीच्या पंचवीस सोयींपेक्षा एक सज्जा मोलाचा. दुसऱ्या अटीमुळे बारामतीला नोकरी करणारी लेक बरोबर येणार, असे ठरले. तिला रजा फेब्रुवारीत मिळत होती. शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्यायच्या आणि रात्री लेकीने वडिलांजवळ झोपायचे. तिसऱ्या अटीमुळे मुंबईहून निघून मुंबईलाच परतणारी, मोजक्या रात्रींची सफर आली. फेब्रुवारीत हे सारे जमणारे जहाज होते ‘एम्प्रेस’. ते अधिक हलेल ही माझी शंका त्या महिन्यातील शांत समुद्राने बरीच कमी केली. चालण्याचे अंतर तर तेथे कमीच होते.

लहान जहाज मोठ्यापेक्षा चांगले, असा याचा अर्थ नाही. दुसऱ्या एखाद्या जोडप्याच्या रकान्यांत वेगळ्या गोष्टी येतील आणि उत्तर उलट निघेल. ज्याला सहज बोट लागते त्याला मोठे जहाज बरे, आणि ज्याला पूर्णवेळ चाकाची खुर्ची लागते त्याला रुंद दारांच्या, उंबरा नसलेल्या खोल्या जेथे मिळतील ते जहाज बरे. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर थोड्याच असतात आणि आधी संपतात.

कॅरिबियनचे निमंत्रण आले तर

आपल्या भागातील अनेक मुले आज अमेरिकेत आहेत आणि आई-वडिलांना तिकडची जहाजसफर घडवण्याची हौस त्यांना असते. तेथे जहाजांची संख्या आणि आकार दोन्ही मोठे, पण रकाने तेच राहतात. धक्का की होडी हा प्रश्न तेथेही विचारावा. केमन बेटांवरील जॉर्ज टाऊनला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, होडीनेच जावे लागते. जून ते नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा हंगाम असतो. तो टाळावा.

एक गोष्ट मात्र तिकिटे काढण्यापूर्वीच पाहावी. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा, धोका असलेल्या देशांतून भारतात परतणाऱ्यांकडून लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसेल तर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. कॅरिबियनमधील त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देश या यादीत येतात. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो, म्हणून ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. दोन जहाजांपैकी एक त्रिनिदादला जाणार असेल आणि दुसरे केवळ बहामाला, तर ज्येष्ठांसाठी दुसरे निवडण्यास एवढे कारण पुरेसे आहे. शिवाय अमेरिकेपर्यंतचे विमान लांबचे असते. दर एक-दोन तासांनी पाय हलवावेत, पाणी प्यावे, आणि जहाजावर चढण्यापूर्वी दोन-तीन दिवस मुलांच्या घरी विश्रांती घ्यावी.

निघण्यापूर्वी

देशातील सफर असो वा परदेशातील, पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात आणि आरक्षण करणाऱ्याला फोनवर एकेक विचाराव्यात.

खोली कोणत्या मजल्यावर, लिफ्टपासून किती दूर? न्हाणीघराला उंबरा किती उंच, आत धरायला दांडा आहे का? चाकाची खुर्ची बंदरावर मिळेल की आपली न्यावी लागेल? इन्सुलिन ठेवण्यास खोलीत शीतपेटी आहे का? बंदर धक्क्याचे की होडीचे?

औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, कारण बंदरावर दिलेली मोठी बॅग खोलीत पोहोचायला काही तास लागतात. सफरीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची औषधे अधिक घ्यावीत. आजार, औषधांची मूळ नावे आणि मात्रा एका कागदावर लिहून डॉक्टरांची सही घ्यावी. तो कागद दोघांचा असावा, एकाचा नव्हे. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवले तर ऐन वेळी विमा कामी येत नाही. जहाजावरील उपचारांचे पैसे सहसा वेगळे द्यावे लागतात, तेही विचारून ठेवावे.

जहाजावर जेवणापूर्वी हात साबणाने आणि पाण्याने धुवावेत. गर्दीच्या जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर हाताला लावायच्या जेलचा पुरेसा परिणाम होत नाही. आपल्या हाताने वाढून घ्यायच्या पंगतीत लोणची, पापड, सूप आणि तयार रस्से यांतून मीठ नकळत वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ताट वाढून घेताना तेवढे लक्षात ठेवावे. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत. सपाता नकोत.

आणि आमच्या गावाकडून निघणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. पहाटे फलटण सोडून, घाट उतरून, दुपारी थेट बंदराच्या रांगेत उभे राहणे हा जहाजापेक्षा मोठा शीण आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस दोघे परत माझ्याकडे आले. आबांनी लाटा, दिवे, गोव्याचा धक्का, खुर्ची ढकलणारा नम्र मुलगा, सगळे सविस्तर सांगितले. त्यांना बोट लागली नाही. काकूंना पहिल्या संध्याकाळी थोडी लागली होती, आडवे पडल्यावर थांबली.

“आणि काकू, समुद्र कसा वाटला?”

“समुद्र पाहिला. सज्जात बसून चांगला दोन तास पाहिला.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “पहिल्या रात्री दोनदा उठून ह्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. लेकीनं परत पाठवलं. दुसऱ्या रात्री गेले नाही. सकाळी जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते. मला वाटलं, घड्याळ बंद पडलं.”

त्यांचा रक्तदाब मी मोजला, तो १३२/८० होता. हा गुण समुद्राचा नव्हे, रोज सकाळी घेतलेल्या गोळीचा आणि झोपेचा.

परतल्यावर त्या घरात एक नवा नेम सुरू झाला आहे. दर दुसऱ्या शनिवारी लेक बारामतीहून मुक्कामाला येते, वडिलांच्या खोलीत झोपते आणि काकू माडीवर झोपतात. त्याला ना तिकीट लागते, ना जहाज. सहलीचा बेत करता येत नसेल अशा घरांनी निदान एवढे तरी करावे. आणि या पंधरवड्यात डॉक्टरांकडे जाल, तेव्हा रुग्णाबरोबर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचाही रक्तदाब मोजायला सांगावा. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्यावी. आम्ही विसरतो.